मातीला जाऊन येतो

महादूचा फोन आला तेव्हा केसरीनाथ तरे दाराशी एका पायावर उभे राहून चपलेचा पट्टा ओढत होते.

"कुठं हायस रं केसऱ्या? चहा सांगितलाय, ये लवकर."

केसरीनाथ घाईत होते, आणि घाईत माणसाच्या तोंडून खरं निघून जातं. ते म्हणाले, "आज न्हाय जमणार. मातीला चाललोय."

पलीकडे महादूचा आवाज एकदम खाली उतरला. "अरेरे. कोन गेलं?"

आता यात महादूची काही चूक नव्हती. आपल्याकडे माणूस मातीला चालला म्हटलं की कोणीतरी गेलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चितेवर अग्नी दिला तरी ती मातीच, विजेच्या दाहिनीत घातलं तरी मातीच. एखादा कुंभारसुद्धा "मातीला जाऊन येतो" म्हणून बाहेर पडणार नाही. पडलाच तर आळीतले चार जण टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्या मागे निघतील. पण केसरीनाथ खरोखरच मातीला चालले होते. चाळलेल्या, मळलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीला, जिचे झुमके करतात. आणि ही गोष्ट महादूला सांगण्यापेक्षा भावकीतला एखादा माणूस मेलेला परवडला, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

"लांबचा हाय एक, वाड्याकडचा. तुझ्या वळखीतला न्हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पहिला बळी असा, अगदी सहज पडला.

झुमक्यांचं असं झालं होतं. केसरीनाथांची मुलगी क्षितिजा हिचं लग्न अंबाडीच्या दीपेशशी ठरलं होतं. हळदीला फुलांचे दागिने सगळ्याच घालतात, आपण मातीचे घालायचे आणि तेही स्वतः केलेले, असं तिने ठरवलं आणि गावातल्या एका मंडळाच्या 'महिला कौशल्य वर्गा'त नाव घातलं. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी. दोनदा गेली, आणि राहनाळच्या गोदामात तिची ड्युटी सेकंड शिफ्टला बदलली. फी परत मागायला केसरीनाथ स्वतः गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, फी परत द्यायचा नियम नाही. मात्र घरातली दुसरी व्यक्ती बसू शकते. पार्वतीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, जन्मभर कणीक मळली, आता माती मळू काय?"

भरलेली फी बुडणं हे केसरीनाथांना माणूस बुडण्याइतकंच लागायचं. शिवाय क्षितिजा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, तुम्हीच जा ना. तुम्ही केलेलं मी घालीन." ती हे गमतीत म्हणाली की मनापासून, याचा त्यांनी नंतर पुष्कळ विचार केला, पण तेव्हा ते हो म्हणून बसले. पोरगी दोन महिन्यांनी जाणार. तिला आपल्या हातचं काही द्यावं, असं बापाला वाटतं आणि बापाच्या हातात तर काहीच नसतं.

वर्गात पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. हजेरीपट आधीच वर कुठेतरी मंजुरीला गेला होता, त्यातलं नाव बदलता येईना. मृणाली मॅडम, म्हणजे शिकवणाऱ्या, वयाने क्षितिजाएवढ्याच. त्या संकोचून म्हणाल्या, "काका, नाव तेच राहू दे. मी पुकारलं की तुम्ही फक्त हजर म्हणा." केसरीनाथ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. भिवंडी डेपोत त्यांच्या शेऱ्याशिवाय गाडी हलत नसे. त्या माणसाने आता पंचवीस बायकांच्या मध्ये मांडी घालून, "क्षितिजा तरे?" असं पुकारलं की, "हजर," म्हणायचं! पहिल्या दिवशी ते इतकं हळू म्हणाले की मॅडमनी गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशी डेपोतल्या आवाजात म्हणाले, तेव्हा पुढच्या बाईच्या हातातला मणी उडाला.

हे सगळं महादूच्या कानावर गेलं असतं तर? महादू एसटीत ड्रायव्हर. नोकरीभर एकत्र, निवृत्त झाल्यावरही रोज नाक्यावर चहाला एकत्र. सोन्यासारखा माणूस, फक्त जीभ तिखट. एका कंडक्टरने हौसेने एकदा घरी केलेला केक डेपोत आणला, तर महादूने त्याचं नाव 'मावशी' ठेवलं. बिचारा त्याच नावाने निवृत्त झाला, निरोपाच्या भाषणात साहेबांच्या तोंडूनही तेच निघालं. केसरीनाथांना आजवर टोपणनाव पडलं नव्हतं. ते त्यांनी फार जपलं होतं.

आणि 'माती' हा शब्द किती सोयीचा आहे, हे त्यांना पहिल्या मंगळवारीच कळलं. मातीला चाललेल्या माणसाला कोणी थांबवत नाही, चल रे पत्ते खेळू म्हणत नाही, भाजी आणायला सांगत नाही. शुक्रवारी ते जिना उतरत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या रूपा वहिनींनी विचारलं, "भावोजी, भर उन्हात कुठं?" केसरीनाथांनी चेहरा जरा पाडला. "मातीला जाऊन येतो." वहिनींनी ताबडतोब पदर सावरून वाट दिली. खोटं एक अक्षर नाही आणि काम फत्ते!

पण शेजार म्हटला की नुसती वाट देऊन थांबत नाही. संध्याकाळी परत आले तर वहिनी जिन्याच्या तोंडाशी तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन उभ्या. "पाय धुवा, पाला चावा, मग वर जा. घरात लगीन हाय, असं तसंच वर जायचं न्हाय." केसरीनाथांनी निमूटपणे पाला चावला. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो डहाळा त्यांची वाट पाहत असायचा. तोंड इतकं कडू व्हायचं की पार्वतीबाईंच्या वांग्याच्या भाजीलाही काही चव लागेना. एकदा त्यांनी पाल्याची ही तक्रार बायकोला सांगितली, तर त्या म्हणाल्या, "चावा. साखर तरी कमी होईल."

एके दिवशी वहिनींचं लक्ष त्यांच्या नखांकडे गेलं. नखांत माती, मनगटावर माती, कानाच्या पाळीलाही माती. झुमका कुठे टेकतो हे कानाला लावून पाहताना ती लागली होती. वहिनी हळहळल्या. "किती राबताय हो दुसऱ्याच्या मयताला! बाकीची मानसं नुसती उभी राहतात काय?"

नाक्यावर तर हिशेबच मांडला जाऊ लागला. चहावाल्या भाईने ग्लास पुढे करत विचारलं, "क्या चाचा, फिर मय्यत? आपके खानदान में अब बचा कौन है?" आणि महादू कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तुमच्या भावकीत मानसं मंगल-शुक्रवारलाच कशी मरतात रं? गनेशपुरीच्या देवस्थानात जाऊन काय ते विचारून तरी ये."

महादूला थट्टा करायची होती, पण आत त्याला काहीतरी लागलं होतं. कारण मातीला जाणं हे महादूचं खरं काम. ड्रायव्हर म्हणून त्याने जेवढी माणसं पोचवली, तेवढीच पुढे खांद्यावर पोचवली असतील. कोणाचंही असो, बांबू बांधायला, मडकं आणायला, रडणाऱ्याला धरून बसायला महादू पुढे. आणि आजवर कुठल्याही मातीला तो आणि केसरीनाथ एकत्रच गेले होते. केसरीनाथांचे वडील गेले तेव्हा महादू वाड्याची गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन, मेमो पत्करून आला होता. आता हा गडी आठवड्यातून दोनदा एकटाच जातो, नाव सांगत नाही, गाव सांगत नाही.

"मला का न्हाय नेत?" त्याने एकदा सरळ विचारलं.

"तुला कशाला तरास?"

"तरास?" महादू म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

केसरीनाथांना त्या अर्ध्या ग्लासाचं वाईट वाटलं. पण त्यांचं चित्त त्या वेळी दुसरीकडे होतं. कला माणसाला स्वार्थी करते म्हणतात. त्यांना तर अजून कला आलीही नव्हती. त्यांचे पहिले मणी बोराएवढे झाले, दुसरे सुपारीएवढे, आणि तिसऱ्या खेपेला मणी झकास झाले, पण भोकं पाडायची राहिली आणि ते तसेच वाळले. मॅडम म्हणाल्या, "काका, हे पेपरवेट म्हणून छान आहेत." पहिला झुमका त्यांनी तळहातावर धरून दाखवला, तेव्हा शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "घंटा का? देवघरासाठी?" पण ते चिकाटीने बसले. हळूहळू बोटांना कळायला लागलं. माती कधी हो म्हणते आणि कधी नाही, हे त्यांना समजायला लागलं, आणि खरं सांगायचं तर ते मंगळवारची आणि शुक्रवारची वाट पाहायला लागले. हार, झुमके, बाजूबंद, असा पूर्ण संच तयार झाला. हाराच्या मधल्या पदकावर त्यांनी भाताची लोंबी कोरली. ती लोंबी त्यांना इतकी आवडली की ती महादूला दाखवावी, असं एकदा मनात येऊनही गेलं. पण 'मावशी' आठवली आणि गप्प बसले.

मॅडमनी सांगितलं होतं, संच सावलीत, उघड्यावर, वाऱ्याला ठेवून नीट वाळवायचा. भट्टीचा दिवस शुक्रवार. पण उघड्यावर म्हणजे गच्चीत, आणि गच्चीत रूपा वहिनींचे पापड. म्हणून केसरीनाथांनी संच बुटांच्या खोक्यात घातला आणि खोकं कपाटाच्या माथ्यावर दडवलं.

भट्टीच्या शुक्रवारी ते खोकं पिशवीत घालून निघाले, तर नाक्यावर महादू रस्त्यातच आडवा उभा. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. "आज मी यतो. तू सांग न्हायतर नको सांगू, मी मागनं यनार. नाव सांग, कोन गेलं?"

एवढ्यात समोरून एसटी गेली, पाटी गणेशपुरी. जन्मभर पाट्या वाचलेला माणूस, तोंडून निघून गेलं, "गनेशपुरीचा... नवशाकाका."

नवशाकाका म्हणजे केसरीनाथांचे चुलत चुलते, गणेशपुरीच्या अलीकडे त्यांचं घर. वय नव्वदीच्या घरात, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. गेल्यातच जमा, असा एक हिशेब केसरीनाथांच्या मनाने तेवढ्या वेळात करूनही टाकला. पण महादूचा चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. महादूचे डोळे भरून आले होते. "नवशाकाका? अरं, पुरात गाडी अडकली तवा तीन दिस त्याच्या घरी जेवलो आपन. मी आनि तू. सोताची घोंगडी दिली त्यानं मला."

"माहीत हाय रं. पन आता गाडी भरलीय, घरचेच हायेत, जागा न्हाय. तू नको येऊस," केसरीनाथ म्हणाले आणि समोर दिसलेल्या रिक्षात बसून निघून गेले. मागे वळून पाहायचा त्यांना धीर झाला नाही.

मंडळाच्या मागच्या अंगणात भाताच्या तुसाची भट्टी पेटली होती. खोक्यात कोंडलेली माती आत ओलीच राहिली होती. थोड्या वेळाने भट्टीतून फट्ट आवाज आला, मग दुसरा, मग दिवाळीच. केसरीनाथांचं पदक फुटलं, आणि जाता जाता शेजारच्या बाईंच्या बांगड्या आणि मॅडमचा नमुन्याचा मोर घेऊन गेलं. बायकांनी खापऱ्या वेचायला मदतच केली, पण त्या संध्याकाळी केसरीनाथांनी कडुलिंबाचा पाला मागून दोनदा चावला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर फोन वाजला. आवाज खरखरीत, पण ठणठणीत.

"केसरीनाथ? मी नवशाकाका."

केसरीनाथ पलंगावरून उठून उभे राहिले.

"अरं, तुझा महादू आलेला! किती वर्सांनी! बाजेवर बसलेलो, तर हा दारात. मला बघितलं आनि डबा हातात धरून नुसता उभाच. मग जे रडाय लागला, काय सांगू! मी म्हनलं, काय झालं रं? तर म्हनतो, काय न्हाय काका, तुमची लय आठवन आली, म्हनून आलो. डब्यात पिठलं-भाकरी. त्याच्या बायकोनं, चंद्रानं दिलेली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सून तर बघतच राहिली. अरं, तू माझ्या रगताचा, पन तुझ्यापरीस तो बरा."

पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेरून डबा न्यायचा, त्याला कडू घास म्हणतात. महादू कडू घास घेऊन गेला होता, आणि तो ज्याच्या नावाचा, त्यानेच मिटक्या मारत खाल्ला होता. इतर कोणाची गोष्ट असती तर केसरीनाथ पोट धरून हसले असते. महादूने तिथे एक शब्द काढला असता, "केसऱ्यानं तुम्हाला मारलंय," एवढाच, तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. लग्नघरात कोणी पाऊल ठेवलं नसतं. महादूने तो काढला नाही. ज्याच्या जिभेला केसरीनाथ भीत होते, ती जीभ त्याने आवळून धरली होती.

ते तसेच महादूच्या घरी गेले. दार चंद्रा वहिनींनी उघडलं आणि पाणी आणायला म्हणून ज्या आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. महादू खाटेवर बसला होता. केसरीनाथांनी सगळं सांगितलं: वर्ग, फी, हजेरी, झुमके, बुटांचं खोकं. सांगताना त्यांना वाटलं, आता हा हसेल. निदान 'मावशी' तरी म्हणेल. म्हण बाबा, काय वाटेल ते म्हण.

महादू पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "हसलो असतो मी. चांगला चार दिस हसलो असतो. मग तुला रोज गाडीवरनं सोडायला आलो असतो."

"चुकलं माझं."

"चुकतं मानसाचं," महादू म्हणाला. "मी तिकडं जाताना गाडीत काय काय आठवत होतो, तुला सांगून काय उपेग." आणि त्याने आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं, पाहुण्यासाठी सांगतात तसा.

दुसऱ्या खेपेला केलेला संच केसरीनाथांनी गच्चीवर, रूपा वहिनींच्या पापडांच्या शेजारी, उघडा वाळत ठेवला. वहिनींनी पाहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळा उलगडा झाल्यावर पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजे ही माती? आनि मी पाला खाऊ घालतेय! भावोजी, आधी सांगायचं ना, माझंपण नाव घातलं असतं." बातमी तासाभरात आळीभर झाली. चहावाला भाई म्हणाला, "चाचा, एक ब्रेसलेट हमारी बेगम के लिए भी." लोक हसले, दुसऱ्या दिवशी थोडे कमी हसले, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवर बोलू लागले. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी त्यांनी भावकी मारत आणली होती.

हळदीच्या दिवशी क्षितिजाने तो संच घातला. मातीचा तांबूस रंग आणि वर हळदीचा पिवळा, पोरगी अशी दिसत होती की पार्वतीबाई दर थोड्या वेळाने आत जाऊन डोळे पुसून येत होत्या. अंबाडीच्या बायका पदक हातात धरून विचारत, कुठनं घेतलं? आणि क्षितिजा मोठ्याने सांगे, "बाबांनी केलं." दीपेशचे एक काका मुद्दाम उठून आले आणि ट्रॅक्टरचं असं छोटं काही करून मिळेल का, म्हणून विचारून गेले. केसरीनाथ हो हो म्हणत होते आणि मांडवाच्या दाराकडे बघत होते.

महादू आला. चंद्रा वहिनींना घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून आला. क्षितिजाला हळद लावली, डोक्यावर हात ठेवला, दागिने पाहून "बेस हायेत" म्हणाला. बेंजो सुरू झाला तेव्हा सगळी आळी त्याच्याकडे पाहायला लागली, कारण हळद कोणाचीही असो, पहिला नाचणार महादू. त्याने गुडघ्याला हात लावून दाखवला आणि खुर्चीवरच बसून राहिला. पंगतीत नीट जेवला. भात मागून घेतला. कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

निघताना तो केसरीनाथांसमोर आला. केसरीनाथांना वाटलं, आता पाठीवर एक थाप पडेल. महादूने दोन्ही हात जोडले.

"येतो आमी. समदं छान झालं. तुम्ही पन जेवून घ्या आता, दमला असाल."

केसरीनाथांना डेपोत तुम्ही म्हणणारे शेकड्याने होते. महादू त्यांत कधीच नव्हता. काहीतरी म्हणायला हवं होतं, त्याचा हात धरायला हवा होता, निदान एक शिवी तरी हासडायला हवी होती. पण मागे बेंजो वाजत होता, व्याही बघत होते, आणि आलेल्या माणसाला निरोप द्यायची जन्मभराची सवय तोंडात तयारच होती.

"हो, हो," केसरीनाथ हात जोडून म्हणाले. "या तुम्ही."